आजोबांचा घास

१

चर्चची घंटा वाजली तेव्हा डोन्या एर्मेलिंदा चोक टर्कीचा पंख चोखत मातिल्देच्या नावानं बोटं मोडत होती.

सान मार्कोसचा सण होता. साऱ्या चिमाश गावाची पंगत मातिल्देच्या अंगणात बसली होती, कारण यंदा संताचे मानकरी ती आणि तिचा नवरा निकानोर. एर्मेलिंदाचा गुडघा कधीचा रुसलेला, म्हणून ती घरीच होती. पण न आलेल्या माणसाचाही घास असतो. पंगतीतून उठणाऱ्याच्या हातात यजमानीण घरच्यांसाठी पानात बांधून वाटा देते, त्याला इथं शेल म्हणतात. शेल नाकारायचा नसतो आणि टाकायचा तर नसतोच. एर्मेलिंदाचा शेल तिचा भाचा अबेलिनो मघाशीच घेऊन आला होता. पुडकं तिच्या हातात देऊन, "गरम आहे तोवर खा, मावशी," म्हणून तो मारिंबा ऐकायला परत पळाला होता.

पुडकं उघडलं तर आत मक्याच्या उकडलेल्या पिठाचे दोन तमाल, एक पंख आणि एक मान.

वयानं मोठ्या माणसाला सणाची तंगडी जाते, हे चिमाशमधल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. वेलदोड्याच्या पैशावर दुमजली घर बांधणाऱ्या मातिल्देला तेवढं ठाऊक नसावं. बरं, गाठ तरी धड मारावी? पानाची शीर कशीबशी दोनदा पिळून टोक आत खुपसलेलं. हाताची आखडू ती आखडू आणि वर आळशीही, असं म्हणत एर्मेलिंदानं पंख तोंडात घातला. लांबून मारिंबा ऐकू येत होता.

तेवढ्यात घंटा सुरू झाली आणि थांबेच ना. आग लागल्यावर वाजवतात तशी. थोड्या वेळानं अबेलिनो धापा टाकत दारात उभा राहिला.

"मावशी, आजोबा गेले."

कुणी मेलं नव्हतं. आजोबा म्हणजे तळहाताएवढा हिरव्या दगडाचा चेहरा. धबधब्याच्या वरच्या अंगाला रानात जे पडके चौथरे आहेत, तिथं तो गावाच्या पूर्वजांना मिळाला. वर्षभर मानकऱ्यांच्या पेटीत असतो आणि सणाच्या दिवशी सान मार्कोसच्या झग्याखाली, पाठीला बांधून मिरवणुकीत फिरतो. पुढून संत, मागून आजोबा. पाद्रीबाबाला सगळं माहीत आहे, पण तो त्या वेळी नेमका आकाशाकडे बघतो.

"मिरवणुकीसाठी संताला उचलायला गेले तर पाठ रिकामी," अबेलिनो म्हणाला. "आणि वेदीमागं काय सापडलं माहितेय? तुझ्याकडं उतरलेल्या त्या योरिसचा डोक्याला बांधायचा दिवा. धरलाय त्याला. कोंडलाय."

२

एर्मेलिंदा आपल्या घरातल्या चार खोल्या परक्यांना भाड्यानं देत असे आणि त्या परक्यांना मनापासून तुच्छ मानत असे. पाठीवर आपल्याहून मोठं बोचकं घेऊन ते यायचे. अंतिग्वाच्या रंगीत गल्ल्या झाल्या, तिकालचे देऊळ-चौथरे झाले, आता धबधबा, असं पाट्या टाकल्यासारखं जग उरकायचे. घरी आईबापांना फोन करत नाहीत आणि इथं येऊन पूर्वजांचा शोध घेतात. तोही दुसऱ्यांच्या. केळ्यांच्या फणीसाठी घासाघीस करून एक केत्साल वाचवायचा आणि त्याच हातानं साधेपणावर प्रवचन द्यायचं. हॉलंडहून आलेला हा योरिस तर त्यांचाही मुकुटमणी. खोलीत धूप जाळून त्यानं तिच्या चादरींना मसणाचा वास आणला होता.

काठी टेकत ती चर्चसमोर पोचली. कोठडीभोवती माणसं जमली होती. बायका रडत होत्या, पुरुष गप्प होते, आणि ते जास्त वाईट. निकानोरनं तिला बाजूला घेतलं.

"डोन्या, तुम्ही कोर्टात इतकी वर्षं लोकांचं खोटं या भाषेतून त्या भाषेत केलंत. जरा या पोराला बोलतं करा. उद्या दुपारी गावसभा बसवतोय."

"पोलीस?"

"पोलीस आले की आजोबा पुरावा होणार. पुरावा शहरात गेला की परत आलेला तुम्ही कधी पाहिलाय?" तो आवाज खाली आणून म्हणाला, "पण उद्यापर्यंत काही कळलं नाही तर माझ्यानं आवरणार नाही. तरणी पोरं पेट्रोलची भाषा करताहेत."

एर्मेलिंदानं मान हलवली. शेजारच्या खोऱ्यात दोन वर्षांपूर्वी जमावानं एका परक्याला कसं जाळलं ते दोघांनाही माहीत होतं.

योरिस कोठडीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याची हत्ती छापलेली विजार चिखलानं भरली होती.

"जेवायला का आला नाहीस? सगळ्या गावाचं आमंत्रण होतं," तिनं स्पॅनिशमध्ये विचारलं.

"मी प्राण्यांना खात नाही. मी धबधब्यावर होतो. एकटा. पाण्याचं ऐकत होतो."

"काय म्हणालं पाणी?"

तो रडायला लागला. दिवा कुठं हरवला हे त्याला सांगता येईना. परक्यांना रानात फिरवायचं काम अबेलिनो करायचा; दोन दिवसांपूर्वी त्यानं सगळ्या पाहुण्यांना गुहा दाखवायला नेलं होतं, गावात मुक्कामाला असलेला शहरातला एक साहेबही होता, तेव्हा दिवा होता. नंतर दिसला नाही. त्याच्या वस्तू कायम कुठंतरी पडलेल्याच असत, हे तिला सांगायला नको होतं. गोळा तीच करायची.

बाहेर येऊन ती चर्चमध्ये गेली. सान मार्कोस पालखीवर उभा होता. झगा नीट. कंबरेचा पट्टा नीट. मागच्या टाचण्या ओळीनं लावलेल्या.

"हा झगा कुणी ठीकठाक केला?"

"कुणीच नाही," निकानोर म्हणाला. "असाच होता. वर केला तेव्हा कळलं."

"मग तो गोरा सोडून दुसरा कुणीतरी शोधा. माझ्या घरी उतरल्यापासून या प्राण्यानं ओला पंचा एकदाही दोरीवर टाकलेला नाही, आणि तो टाचण्या परत लावील?"

३

सगळं गाव सांगून थकलं की तोच चोर आहे, आणि एर्मेलिंदालाही तो चोर निघाला असता तर आवडलं असतं. अडचण एवढीच होती की तिनं त्याचा तिरस्कार फार बारकाईनं केला होता.

चर्चची झाडलोट करणारा क्रिसांतो पायरीवर बसून नाक शिंकरत होता. तो वयानं तिच्याएवढा, पण अक्कल वाटपाच्या दिवशी बहुधा झोपला होता.

"दुपारची प्रार्थना संपल्यावर चर्च झाडलंस?"

"लख्ख. मग कुलूप न लावता जेवायला गेलो. सणाच्या दिवशी कुलूप लावत नाहीत, डोन्या."

"आणि परत आलास तेव्हा तो दिवा पडलेला. आणखी काय होतं?"

"काही नाही."

"क्रिसांतो."

"एक तंगडी," तो म्हणाला. "टर्कीची. संताच्या मागं, जमिनीवर. कुत्रं घुसलं असणार."

"नुसतं हाड?"

"नाही, अख्खी. मांसासकट. मी आमच्या कुत्र्याला घातली."

एर्मेलिंदानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं टोपी काढली.

"कुत्र्यानं तंगडी चोरली, चर्चमध्ये आणली, मांस तसंच ठेवलं आणि निघून गेलं. उपास होता का त्याचा? कशी पडली होती?"

"पडली कुठं. ठेवली होती. पानाचा तुकडा होता खाली." बोलता बोलता क्रिसांतोच्याच लक्षात आलं आणि त्याचा आवाज बसला. "आणि शेजारी मेणाचा थेंब."

डोंगराकडून काही घ्यायचं तर आधी त्याला जेवू घालतात. मका पेरण्याआधी, झाड तोडण्याआधी, गुहेत पाऊल टाकण्याआधी. मेणबत्ती, घास, आणि माफी. रागावलेला डोंगर साप पाठवतो, हे इथलं पोर दूध पितानाच ऐकतं. चोरानं आजोबांना सोडवण्याआधी जेवू घातलं होतं. परका असता तर नुसता घेऊन पळाला असता.

"चोर आपलाच आहे," ती म्हणाली.

आणि दिवा वेदीमागं मुद्दाम टाकलेला होता.

४

बाहेरचा एकच माणूस तिला संशयातून वगळवत नव्हता. पुरातन वस्तूंच्या कुठल्याशा खात्यातले बारियास, नावामागं लिसेन्सियादो ही पदवी लावणारे, गेला आठवडाभर गावात मुक्काम ठोकून होते. आजोबांचा चेहरा शहरातल्या संग्रहालयात हवा, असं त्यांनी गावाला तीनदा समजावलं होतं, आणि गावानं तीनदा पुढच्या वर्षी बघू म्हटलं होतं. एकदोन दिवसांत परतायची तयारी दिसत होती. गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून ते बूट पुसून घेत होते.

"मी आधीच म्हटलं होतं," ते म्हणाले. "अशा वस्तू झग्याखाली ठेवतात का? आता बसा."

"पंगतीतून तुम्ही लवकर उठलात, साहेब."

"दारू, धूर आणि तो मारिंबा. डोकं उठलं. इथं येऊन पडलो, ड्रायव्हरला विचारा."

"शेल न घेताच?"

"तो पानातला गोळा? बाई, दुसऱ्यांच्या जेवणातलं मी घरी नेत नाही." त्यांनी नाक मुरडलं. "त्या यजमानणीचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही."

एर्मेलिंदाला त्या तोंडाची कल्पना करून थोडा आनंद झाला. पण मुद्दा निकालात निघाला होता. पंगतीत वाडग्यांतून वाढतात, पान फक्त शेलला वापरतात. आजोबांपुढची तंगडी पानावर होती. म्हणजे चोर शेल हातात घेऊन चर्चमध्ये गेला. या माणसानं शेलला हातही लावला नव्हता, आणि डोंगराला घास द्यायचा विचार तर त्याला सात जन्मांत सुचला नसता.

"तुमचा भाचा मात्र चुणचुणीत," बारियास मागून म्हणाले. "इंग्रजी बोलतो, जुन्या गोष्टींची जाण आहे. इथं परक्यांना माकडं दाखवत काय राहायचं? मी त्याला शहरात नोकरीला लावून देणार आहे. गणवेश, छातीवर नाव."

हे अबेलिनोनं तिला सांगितलं नव्हतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल पोराला, असं तिला वाटलं. आईवेगळं पोर, तिनं घास घास भरवून वाढवलेलं, आणि आता छातीवर नाव. सगळ्या दिवसात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मातिल्देकडे गेली. जायची इच्छा नव्हती, पण शेल कुणी कुणाला दिला हे फक्त यजमानीणच सांगू शकते.

मातिल्दे अंगणात वाडगे धूत होती. हात न पुसताच तिनं स्टूल पुढं केलं.

"घंटा होण्याआधी कुणाकुणाला शेल बांधून दिलास?" एर्मेलिंदानं विचारलं.

"कुणालाच नाही. निम्मे लोक अजून जेवत होते. तो शहरातला साहेब तेवढा उठला आणि माझा अपमान करून गेला."

"नीट आठव. एक तरी दिलास."

"अगं, तुझा सोडून म्हणतेय," मातिल्दे म्हणाली. "अबेलिनोनं मागितला ना. मावशीला चालवत नाही, गरम असतानाच देतो म्हणाला. किती माया पोराला. कशी होती तंगडी? मोठ्या नराची होती, मी स्वतः निवडून घातली. सगळ्यात आधी तुझीच काढली, मग बाकीच्यांची."

एर्मेलिंदा गुडघ्यावर हात टेकून स्टुलावरून उठली.

"पोचली ना?" मातिल्देनं विचारलं.

"पोचली," एर्मेलिंदा म्हणाली, आणि काठी शोधू लागली. काठी तिच्या हातातच होती.

६

वाटेत तिनं सगळे बचाव करून पाहिले. कोर्टात आयांना करताना ऐकलेले, तेच. तंगडी वाटेत पडली असेल. त्यालाच भूक लागली असेल. पण मग पंख आणि मान पुन्हा बांधून कशाला आणली असती? आणि ती गाठ. मातिल्दे आखडू असेल, पण पन्नास वर्षं पानं बांधणारी बाई तशी गाठ मारत नाही. हे काल दुपारीच दिसलं होतं. तोंडात पंख होता आणि डोक्यात मातिल्दे, म्हणून दिसूनही दिसलं नव्हतं.

तिच्या घराची झडती गावात कुणी घेतली नसती, म्हणून तिनं स्वतः घेतली. फार शोधावं लागलं नाही. चुन्याच्या पाण्यात मका भिजवलेला मोठा माठ होता, त्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर बोटांना नाक लागलं. चपटं, थंड, ओळखीचं.

"मावशी, चल. सभा बसली." अबेलिनो दारात होता. मग त्याला तिचा ओला हात दिसला.

तो आत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. रडला नाही. त्याचं तिला नंतर वाईट वाटलं.

"साहेब घेऊन जाणार होते," तो म्हणाला. "फेकणार थोडेच होते? काचेच्या पेटीत ठेवणार. आणि मी तिथंच असणार, रोज बघायला. मी आजोबांना विचारलं, मावशी. जेवू घातलं, माफी मागितली."

"माझी तंगडी घातलीस."

"हो."

"मला कळणार नाही असं वाटलं?"

"तू मातिल्देला नावं ठेवशील हे ठाऊक होतं," तो म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता. हिशेब चुकला नव्हता, एवढंच.

"आणि तो पोरगा? पेट्रोलचं बोलताहेत ते ऐकलंस ना? दिवा तू टाकलास."

अबेलिनोनं खांदे उडवले. "सुटेल तो. त्याला वकील आहे, आई आहे, देश आहे. आणि नाही सुटला तर... तूच म्हणतेस ना, कचरा आहेत म्हणून. रोज म्हणतेस. मी ते ऐकतच मोठा झालो."

एर्मेलिंदा माठाशेजारी खाली बसली. ती म्हणत होती. जेवताना, चादरी धुताना, त्यांना भाड्याची सुटी नाणी मोजून देताना हसत हसत म्हणत होती. ते मनाला लावून घेणारं कुणी घरात आहे हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"गप्प बस, मावशी," तो हळूच म्हणाला. "एवढं एकच. कुणाला काही सांगू नकोस. मी उद्या पहाटे जातो."

तिनं आजोबांना खांद्यावरच्या शालीनं पुसलं. चुना निघाला तसा दगडाचा हिरवा रंग पुन्हा वर आला.

"काठी दे," ती म्हणाली.

७

सभेत योरिसला मधोमध बसवलं होतं. चिमाशच्या भाषेतलं त्याला समजत नव्हतं, म्हणून दुभाषा नेमला होता. दुभाषा अबेलिनो होता.

"तो उठेल तिथून," एर्मेलिंदा सभेला म्हणाली. "दुभाष्याचं काम मी करते. त्याची जागा दुसरी आहे."

तिनं शाल उघडली. आजोबांना पाहून बायकांनी तोंडाला हात लावले आणि मातिल्देनं गुडघे टेकले. मग एर्मेलिंदानं सांगितलं. क्रिसांतोच्या कुत्र्यानं काय खाल्लं, ते पान कशाचं, घंटेआधी शेल किती बांधले गेले आणि तो एक कुणाच्या घरी आला. भाच्याचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ती थांबली नाही. आवाज फक्त एकदा फाटला.

निकानोरनं विचारलं आणि अबेलिनोनं उत्तरं दिली. ती प्रत्येक वाक्य योरिससाठी स्पॅनिशमध्ये करत गेली. मी दिवा गुहेत उचलला. मी तो वेदीमागं टाकला. हा मेला असता तरी मला चाललं असतं असं मला वाटलं. कोर्टात शिकली होती तसं, काही गाळलं नाही आणि काही मऊ केलं नाही.

बारियासांना बोलावणं गेलं तेव्हा ते गाडीत बसत होते. आपण फक्त एक मत व्यक्त केलं होतं, पोरानं भलताच अर्थ घेतला, असं ते म्हणाले. ते सभेतून गाडीपर्यंत चालत गेले, पण बाकी गाव त्यांच्या दोन्ही बाजूंनी अगदी जवळून चाललं, आणि त्या बुटांचं पॉलिश काही टिकलं नाही.

योरिसला सोडलं. त्यानं डोळे पुसले, एर्मेलिंदाचा हात हातात घेतला, आणि हा सगळा अनुभव आपल्याला किती बदलून गेला ते सांगितलं. मग त्या चेहऱ्याचा एक फोटो मिळेल का, असं विचारलं.

"चालता हो," ती म्हणाली. "आणि पंचा दोरीवर टाक."

सभेनं अबेलिनोला रविवारपर्यंत कोठडी दिली आणि त्यापुढं वर्षभर संताचं लाकूड-पाणी वाहायला लावलं. परक्यांना रानात न्यायचं काम बंद. छातीवर नाव लावायचा विषय तर संपलाच होता. पेट्रोलचं नाव कुणी काढलं नाही. आपल्या माणसासाठी ते काढत नाहीत, हेही एर्मेलिंदाच्या नजरेतून सुटलं नाही.

संध्याकाळी मातिल्दे आली. उंबऱ्यावर पानाचं पुडकं ठेवलं, "काल पोचली नव्हती ना," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. एर्मेलिंदानं ते उघडलं नाही. काठी टेकत कोठडीपर्यंत गेली आणि गजांमधून आत दिलं.

"उघड."

त्यानं उघडलं. वर मोठी तंगडी होती.

"तुझी आहे, मावशी."

"खा. शेल टाकायचा नसतो."

तो खाऊ लागला. ती उभी राहून बघत राहिली. परक्यांकडे बघायची तशी, बोटं कुठं थांबतात, डोळे कुठं जातात, सगळं. इतक्या वर्षांत त्याच्याकडे असं तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. भरवताना पोराच्या फक्त तोंडाकडे लक्ष असतं.

जेवण झालं. त्यानं हाड पानात ठेवलं, पान दुमडलं, शीर दोनदा पिळली आणि टोक आत खुपसलं.

"दे इकडं," ती म्हणाली, आणि ती गाठ हातात धरून घरी गेली.